आधी यंत्राची ओळख, मग ड्रायव्हर

बेंगळुरूत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींना एस. पी. रोडचा पत्ता फार लवकर कळतो. सदर पत्रप्पा रोड हे त्याचं पूर्ण नाव, पण बोलताना कोणी ते घेत नाही. टाउन हॉलकडून किंवा चिकपेट मेट्रो स्टेशनवरून चालत गेलं की कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांची दुकानं लागतात. कंपन्यांनी काही वर्षं वापरून बदललेले लॅपटॉप इथे साफसूफ होऊन विक्रीला येतात. थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही त्यांतली नेहमीची नावं. यंत्रं दणकट, नव्याच्या मानाने बरीच स्वस्त, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची असल्याने विंडोज ११ ला चालणारी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोजच वापरायचं असेल तर याच्या खालचं यंत्र आता घेऊ नये.

दुकानदार तुमच्यासमोर पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकतो, यूट्यूब चालवून दाखवतो, पैसे देऊन तुम्ही निघता. अडचणी सुरू होतात त्या पीजीवर परतल्यावर. ब्लूटूथ सापडत नाही. ऑनलाइन मुलाखतीत माइक मुका. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत नाही. झाकण मिटून उघडलं की वाय-फाय गायब. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतंच. त्याचे ड्रायव्हर आलेले नसतात, नाहीतर भलतेच आलेले असतात.

मग माणूस लॅपटॉपचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ असं टाकून शोधतो आणि सगळ्यात वरच्या दुव्यावर क्लिक करतो. घात होतो तो इथे. ड्रायव्हर शोधायच्या आधी आपल्या यंत्रात नेमकं काय बसवलंय हे ओळखायला हवं. ती ओळख पक्की झाली की डाउनलोडचं काम दहा मिनिटांचं उरतं. या लेखातलं बरंचसं बोलणं त्या ओळखीबद्दल आहे, कारण वेळ जातो, पैसे जातात आणि यंत्रात नको ते शिरतं ते याच टप्प्यावर.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते थोडक्यात. विंडोज किंवा लिनक्सला तुमच्या लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड, साउंडची चिप, टचपॅड कसं चालवायचं हे आपोआप कळत नाही. प्रत्येक भागाची भाषा त्याच्या निर्मात्याने ठरवलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तो भाग यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. यातली बरीच भाषांतरं बेंगळुरूतच लिहिली जातात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली इथे आपलं डिझाइन केंद्र उघडलं. पुढे इंटेल, एएमडी, एनव्हीडिया, क्वालकॉम सगळे आले. आउटर रिंग रोडवर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एखाद्या बसमध्ये ड्रायव्हरवर काम करणारी मराठी मुलगीही असेल. ही माणसं किती काटेकोरपणे प्रत्येक आवृत्ती तपासतात हे जवळून पाहिलं की कुठल्याही अनोळखी साइटवरून ती उचलायचा धीर होत नाही.

आता ओळख. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. यादीत कुठे पिवळा त्रिकोण दिसतोय का ते पाहा. त्या नावावर दोनदा क्लिक केलं की खाली एक कोड लिहिलेला असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण तो भाग सुरू होत नाहीये. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. आपलं काम बहुधा २८ शी असतं, आणि ते सगळ्यात सोपं.

पण त्रिकोण नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ उघडून पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असं लिहिलं असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर आलेलाच नाही. विंडोजने कामापुरता स्वतःचा लावलाय. उजेड कमी-जास्त न होणं, व्हिडिओ अडखळणं, दुसरा मॉनिटर न लागणं ही सगळी लक्षणं तिथून येतात, आणि पिवळा त्रिकोण मात्र कुठेच नसतो. एस. पी. रोडवर यंत्र घेताना पैसे देण्याआधी ही यादी दुकानातच उघडून बघा. कोणी वाईट वाटून घेत नाही. ज्याला वाटतं त्याच्याकडून घेऊ नका.

त्रिकोणाशेजारी कधी कधी फारच कोड्यात टाकणारी नावं असतात. ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर राहिलाय. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे इंटेलच्या यंत्रांत बहुधा मॅनेजमेंट इंजिनचं असतं. ‘बेस सिस्टम डिव्हाइस’ हा पुष्कळदा मेमरी कार्ड वाचणारा भाग निघतो. आणि नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर हार्डवेअर आयडी पाहायचा. त्या नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या टॅबवर जा, वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा.

तिथे दिसणारी ओळ पहिल्यांदा बघताना डोकं गरगरतं, पण ती वाचायला शिकणं हीच या सगळ्यातली किल्ली आहे. टी४८० मधल्या वाय-फायची ओळ घेऊ. तिच्यात ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे ८०८६ आणि ‘डीईव्ही’ या अक्षरांपुढे २४एफडी असतं. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा त्या भागाचा. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा इंटेलने स्वतःची खूण म्हणून घेतलाय. २४एफडी म्हणजे इंटेलचं ८२६५ हे वाय-फाय कार्ड. बस, आता जगात कुठेही शंका उरत नाही. कंपनीचे आणखी चार-पाच आकडे ओळखीचे झाले की पुरे: १०ईसी रिअलटेक, १०डीई एनव्हीडिया, १००२ एएमडी, १६८सी क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. एकाच मॉडेलच्या पानावर वाय-फायचे तीन-तीन ड्रायव्हर का असतात, हेही इथे उलगडतं. कंपनीने त्या मॉडेलमध्ये कधी इंटेलचं, कधी रिअलटेकचं, कधी क्वालकॉमचं कार्ड घातलेलं असतं. आपल्यातलं कुठलं, हे फक्त ही ओळ सांगते.

एक मजेशीर उदाहरण डेलचं. जुन्या लॅटिट्यूडमध्ये विंडोज नव्याने टाकलं की एक ‘अननोन डिव्हाइस’ हमखास उरतो आणि त्याच्या आयडीत एसएमओ८८ पासून सुरू होणारी अक्षरं असतात. तो लॅपटॉप हातातून पडतोय हे ओळखणारा सेन्सर असतो. पडताना हार्ड डिस्कचं डोकं बाजूला सरकवून तबकडी वाचवायची, हे त्याचं काम. आज त्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवलेली असेल, तर वाचवायला तबकडीच नाही. त्रिकोण डोळ्यांना खुपत असेल तर डेलच्या पानावरून ड्रायव्हर घाला, नाही घातलात तरी बिघडत नाही.

यंत्राचा नंबरही हवा. डेलला सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग, लेनोव्होला सीरियल नंबर, एचपीला सीरियल आणि प्रॉडक्ट नंबर. नव्या लॅपटॉपवर तो खालच्या बाजूला चिकटवलेला असतो. पण वापरलेल्या यंत्रांत खालचं कव्हर पुष्कळदा दुसऱ्याच लॅपटॉपचं बसवलेलं असतं, त्यामुळे स्टिकरवर भरवसा ठेवू नका. यंत्र चालू करताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबून बायोसमध्ये जा आणि तिथला नंबर लिहून घ्या. तो आणि स्टिकर जुळत नसतील, तर बायोसचा खरा. असेम्बल केलेल्या डेस्कटॉपला असा नंबर नसतो. तिथे विंडोज-की आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ हे इंग्रजी अक्षरांत टाका. ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या नावासमोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल, आणि मग मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जायचं.

आता आणायचं कुठून. पहिली जागा विंडोज स्वतः. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन आधी नेहमीचे अपडेट पूर्ण होऊ द्या, यंत्र रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स म्हणून एक ओळ असते, तिच्यात ड्रायव्हर अपडेट्स लपलेले असतात. पुष्कळांना ही जागा माहीतच नसते आणि सगळं दुखणं तिथेच बरं होण्यासारखं असतं. एवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉपच्या कंपनीचं सपोर्टचं पान. पत्ता ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करा, शोधून जाऊ नका. तिथे सर्व्हिस टॅग घातला की त्याच यंत्राची यादी येते. चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडियाकडे, जायचं ते तिसऱ्या क्रमाला, आणि मुख्यतः ग्राफिक्स व वाय-फायसाठी. साउंड, टचपॅड, फंक्शनच्या की, बोटाचा ठसा यांसाठी लॅपटॉपच्या कंपनीचाच ड्रायव्हर घ्या. रिअलटेकची एकच साउंड चिप डेल, एचपी आणि लेनोव्हो वेगवेगळ्या जोडणीने बसवतात, म्हणून एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लावला की हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहतो.

कंपनीने पान काढून टाकलं असेल, यंत्र फार जुनं असेल, तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची मायक्रोसॉफ्टचीच साइट आहे. मघाची हार्डवेअर आयडीची ओळ तिथे शोधायची. मिळणारी फाइल कॅब प्रकारची असते, ती उघडून एका फोल्डरमध्ये सोडवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागावर उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि तो फोल्डर दाखवायचा. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ ची खूण तेवढी विसरू नका. जुने स्कॅनर आणि कार्डं अशा रीतीने जिवंत होतात.

ज्या जागा टाळायच्या त्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. ‘तुमचे सव्वीस ड्रायव्हर जुने झालेत’ असं लाल अक्षरांत सांगणारी आणि मग वर्षाची वर्गणी मागणारी ‘ड्रायव्हर अपडेटर’ सॉफ्टवेअर कोणालाही लागत नाहीत. जे काम विंडोज फुकट करतं त्याचेच पैसे ती घेतात, आणि पुष्कळदा सोबत नको असलेला ब्राउझर, नको असलेला अँटिव्हायरस आत सोडून जातात. एकाच फटक्यात सगळं बसवणारे ड्रायव्हरचे गठ्ठे दुकानदार वापरतात. त्यांना दिवसाला ढीगभर यंत्रं करायची असतात, त्यांची गरज समजते. तुम्हाला एकच यंत्र करायचंय, ते नीट करा. डाउनलोड केलेल्या फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघायची सवय लावून घ्या. तिथे इंटेल, डेल, एचपी, लेनोव्हो, रिअलटेक असं ओळखीचं नाव नसेल, किंवा तो टॅबच नसेल, तर फाइल पुसून टाका. २०१६ पासूनच्या विंडोज १० मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते. ती तपासणी बंद करा, टेस्ट मोड लावा, असं एखाद्या व्हिडिओत सांगितलं असेल तर तो व्हिडिओ तिथेच थांबवा. कर्नलमध्ये शिरलेल्या प्रोग्रामला यंत्रातलं काहीही वाचता येतं, बँकेचा पासवर्डसुद्धा.

यापेक्षा वाईट प्रकार घरच्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला येतो. कोल्हापूरला किंवा सोलापूरला बाबांचा प्रिंटर बंद पडतो, मुलगा बेंगळुरूत मीटिंगमध्ये असतो, म्हणून ते प्रिंटरच्या कंपनीचा ‘हेल्पलाइन नंबर’ शोधतात आणि वर आलेल्या जाहिरातीतला नंबर फिरवतात. समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला लावतो, ‘ड्रायव्हर एक्स्पायर झालाय’ म्हणून पैसे मागतो, आणि स्क्रीन त्याच्या ताब्यात असताना बँकेचं पान उघडायला लावतो. ड्रायव्हर कधीही एक्स्पायर होत नाही आणि त्याचे पैसे कधीही द्यायचे नसतात, हे घरी आजच फोन करून सांगा. तरीही असं घडलंच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

नेटच नसेल तर घोडं खरंच अडतं. वाय-फायचा ड्रायव्हर आणायला वाय-फाय लागतं, आणि विंडोज ११ तर सेटअपच्या मध्येच नेट मागत बसतं. पीजीच्या वाय-फायला लॉगिनचं पान असेल तर आणखी पंचाईत. यावर अगदी साधा उपाय आहे: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजला फोन हे नेटवर्कचं कार्ड वाटतं, आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर अर्धा तास घालवलेले लोक पुष्कळ आहेत. आयफोन असेल तर आधी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं, त्यामुळे अशा वेळी शेजारच्या खोलीतून अँड्रॉइड मागून आणणं बरं.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना आणखी एक ठेच लागते. सेटअप डिस्क विचारतं आणि यादी रिकामी असते. एसएसडी गेली असं वाटून लोक नवी विकत आणतात. पुष्कळदा ती ठणठणीत असते. व्हीएमडी नावाच्या इंटेलच्या व्यवस्थेमागे ती दडलेली असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या सपोर्टच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो सोडवून फोल्डरच्या रूपात पेन ड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ वर जाऊन तो फोल्डर दाखवा. एक्सई फाइल तशीच ठेवली तर चालत नाही, आत आयएनएफ नावाच्या फाइली उघड्या दिसल्या पाहिजेत.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. आधी चिपसेट, मग इंटेलच्या यंत्रात मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, मग वाय-फाय आणि ब्लूटूथ, शेवटी साउंड, टचपॅड आणि बाकीचं. चिपसेट आधी, कारण त्यावाचून पुढच्या काही भागांची नावंच यादीत नीट उमटत नाहीत. प्रत्येक मोठ्या ड्रायव्हरनंतर रीस्टार्ट करा, आळस करू नका. सुरुवात करण्याआधी ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून एक पॉइंट करून ठेवा. आणि लॅपटॉप चार्जरला लावून बसा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख कापून ठेवावा असं मला वाटतं ती सांगतो. चालू यंत्र फॉरमॅट करायच्या आधी त्यातले सगळे ड्रायव्हर बाहेर काढून ठेवता येतात, तेही विंडोजमधल्याच हत्याराने. पेन ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा. टर्मिनल ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत पीएनपीयूटिल हा शब्द लिहा, एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली रेघ देऊन तिला जोडूनच एक्सपोर्ट-ड्रायव्हर लिहा, पुन्हा जागा सोडून एक तारा, पुन्हा जागा सोडून त्या फोल्डरचा पत्ता, आणि एंटर दाबा. काही मिनिटांत सगळे बाहेरून आलेले ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये उतरतात. विंडोज नव्याने टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधून एकेका भागाला हा फोल्डर दाखवला की झालं. नेट लागत नाही, साइट लागत नाही, शोधाशोध लागत नाही. दुकानात फॉरमॅटला देणार असाल तर दुकानदाराच्या हातात यंत्र जायच्या आधी हे स्वतः करा. काही कंपन्यांची सोबतची अ‍ॅप, म्हणजे साउंडचा पॅनेल वगैरे, यात येत नाहीत, ती नंतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतात.

प्रिंटरचं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, सोसायटीच्या ऑफिसात, वकिलांच्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० अजून राबताहेत. ही यंत्रं पानाचं चित्र स्वतः तयार करत नाहीत, ते काम कॉम्प्युटरकडून करवून घेतात, म्हणून नेमका ड्रायव्हर नसेल तर त्यांच्याकडून एक ओळही उमटत नाही. नियम असा की सेटअप सांगेपर्यंत यूएसबी जोडायची नाही. आधी जोडली की विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी लावतं आणि मग प्रिंटर यादीत दिसतो पण छापत नाही. तसं झालंच असेल तर प्रिंटर काढा, ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ मधून त्याचा ड्रायव्हरही काढा, रीस्टार्ट करा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर मोप्रिया हा शब्द शोधा. असा प्रिंटर विंडोजच्या आतल्याच ड्रायव्हरवर चालतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, त्यामुळे पुढची वाट तीच आहे.

डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या सीएंनी, ठेकेदारांनी आणि छोट्या उद्योजकांनी दोन गोष्टी जपाव्यात. टोकन जोडलं की बहुधा सीडी ड्राइव्हसारखं एक चिन्ह येतं आणि ड्रायव्हर त्याच्याच आत असतो, बाहेर शोधायची गरज नाही. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइज’ हे बटण दिसलं तर त्याला हात लावू नका, आतली सही पुसली जाते. जीएसटीच्या साइटवर सही करताना लागणारा एमसाइनर हा प्रोग्राम बेंगळुरूच्याच ईमुद्रा कंपनीचा आहे. तो ड्रायव्हरपेक्षा वेगळा असतो. दोन्ही असल्याशिवाय सही होत नाही, आणि एक बसवून दुसऱ्याची वाट पाहणारे लोक पुष्कळ असतात.

बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रांचंही असंच दुहेरी आहे. २०१४ मध्ये जीवन प्रमाण सुरू झाल्यापासून पेन्शनर मंडळींच्या हयातीच्या दाखल्यासाठी ही यंत्रं घरोघर आली. त्यांना एक ड्रायव्हर लागतो आणि शिवाय आरडी सर्व्हिस नावाचा दुसरा प्रोग्राम, ज्याची नोंदणी करावी लागते. आधारच्या प्राधिकरणाने जुन्या एल-शून्य यंत्रांच्या जागी एल-एक यंत्रं आणायचं धोरण घेतलंय, त्यामुळे जुनं यंत्र चालत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी त्याची जात तपासा. आजीआजोबांच्या दाखल्यापुरतंच काम असेल तर फोनवर चेहरा दाखवून तो काढता येतो, यंत्राची गरजच नाही.

सगळं नीट चालत असेल तर ड्रायव्हर बदलू नका, हे माझं ठाम मत आहे. सुरक्षेची दुरुस्ती आली असेल, एखादा त्रास होत असेल, नवा गेम किंवा सॉफ्टवेअर मागत असेल, तेव्हाच बदला. कर्नलमधल्या एका चुकीची किंमत १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिली. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर एका सदोष फाइलवर अडखळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली. बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावरही त्या दिवशी चेक-इनच्या रांगा लागल्या होत्या आणि देशात ठिकठिकाणी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या यंत्रांची सुटका ज्या वाटेने झाली ती तुम्हालाही माहीत हवी: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज आणि सेफ मोड. यंत्र उघडतच नसेल तर दोन-तीनदा सुरू होता होता बंद केलं की विंडोज स्वतःच ती पाटी पुढे करतं. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात, त्यामुळे बिघडवणारा काढता येतो. यंत्र उघडत असेल पण नव्या ड्रायव्हरने काही बिनसलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. जुना परत येतो.

लिनक्सवाल्यांना यातलं बरंचसं लागत नाही, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपना आज विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे. अडतं ते ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय कार्डांवर, एनव्हीडियाच्या ग्राफिक्सवर आणि वर सांगितलेल्या कॅननच्या प्रिंटरवर. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, साउंड आणि झाकण मिटून उघडणं या तीन गोष्टी तपासा. स्नॅपड्रॅगनच्या प्रोसेसरचा नवा विंडोज लॅपटॉप घेत असाल तर मात्र दुकानात टोकन आणि ठशाचं यंत्र सोबत घेऊन जा. त्याला एआरएमसाठी वेगळे बनवलेले ड्रायव्हर लागतात आणि जुन्या उपकरणांना ते पुष्कळदा नसतातच.

घरात जितकी यंत्रं आहेत तितके फोल्डर करा, गावाकडच्या डेस्कटॉपचाही धरून. प्रत्येकात त्याचे बाहेर काढलेले ड्रायव्हर, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मॉडेल, सर्व्हिस टॅग किंवा मदरबोर्डचं नाव, वाय-फाय कार्डाचे ते दोन आकडे आणि प्रिंटरचं मॉडेल. एक प्रत पेन ड्राइव्हवर त्याच घरात ठेवा, दुसरी तुमच्या क्लाउडवर. ही फाइल समोर असली की बाबांचा फोन आल्यावर तुम्ही बेंगळुरूतून नेमकी फाइल पाठवू शकता, आणि त्यांना कुठलाही नंबर शोधावा लागत नाही.